न डागलेल्या तोफेचा हिशोब

न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेला एक चिंचोळा वाळूचा पट्टा आहे : सँडी हूक. (शाळेतल्या गोळीबाराचं सँडी हूक वेगळं, ते कनेक्टिकटमध्ये.) उन्हाळ्यात इथे पोहायला गर्दी असते. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण मी अडकलो तो फोर्ट हॅनकॉकच्या ओसाड काँक्रीटच्या मोर्चांमध्ये.

१८७४ पासून अमेरिकी लष्कर इथे नव्या तोफांच्या चाचण्या घ्यायचं. गोळा किती लांब जातो, चिलखती पत्रा भेदतो का, मुळात तोफच फुटत नाही ना? पुढे तोफांचा पल्ला वाढला, जागा अपुरी पडली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चाचण्या मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला गेल्या. किल्ला मात्र १९७४ पर्यंत चालू राहिला. एवढ्या वर्षांत इथून शत्रूवर एकही गोळा सुटला नाही.

मग हा सगळा खर्च फुकट गेला का?

बरोबरचा मित्र म्हणाला, “अरे, तोफा होत्या म्हणूनच कोणी आलं नाही. विम्यासारखं आहे हे.”

पटलं. पण परतीच्या वाटेवर ते टोचायला लागलं. विम्याचा हप्ता भरला म्हणून अपघात टळला, असं कोणी म्हणत नाही. शस्त्रांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. शत्रू आला नाही, तर श्रेय तोफेचं. आला असता, तर म्हटलं असतं, तोफा कमी पडल्या. म्हणजे काहीही झालं तरी उत्तर एकच : आणखी तोफा. जिथे प्रत्येक तोफेची परीक्षा झाली, तिथे या एका दाव्याची परीक्षा कधीच झाली नाही. होऊही शकत नाही.

अर्थात उलट बाजूही सिद्ध होत नाही. तोफा नसत्या तर काय झालं असतं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

पण किल्ल्यातच एक स्मारक आहे. शीतयुद्धात न्यूयॉर्कच्या रक्षणासाठी या भागात ‘नाइकी’ क्षेपणास्त्रं ठेवली होती. २२ मे १९५८ रोजी जवळच्याच मिडलटाउनमधल्या तळावर क्षेपणास्त्रांवर दुरुस्तीचं काम चालू असताना स्फोट झाला. सहा सैनिक आणि चार नागरी कर्मचारी गेले. शत्रूचं एकही विमान आलं नव्हतं.

वाचलेल्या जिवांचा आकडा आपल्याला कधीच कळणार नाही. गेलेल्यांचा कळतो : १०. शस्त्रं नकोतच, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण जे घडलं नाही त्याचं श्रेय घ्यायचं असेल, तर जे घडलं त्याची जबाबदारीही त्याच वहीत लिहावी लागेल. आपण बहुधा पहिलंच पान वाचतो.