आधी कारण सांगा

फ्लोरियन झेलर या फ्रेंच नाटककाराचा ‘द सन’ हा चित्रपट सप्टेंबर २०२२मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. प्रेक्षक उठून उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत होते. मग समीक्षणं आली आणि त्यांतल्या अनेकांनी त्याच चित्रपटाला झोडपून काढलं. झेलरच्याच ‘द फादर’ने ऑस्कर मिळवून दिलेलं, त्यामुळे अपेक्षा उंच होत्या, हा मात्र प्रेक्षकाला रडवण्यासाठी बेतल्यासारखा वाटतो, असा एकूण सूर होता. पुढे चित्रपट घरोघरच्या पडद्यावर आला आणि आईबाप बोलू लागले. त्या बोलण्याबद्दल मला लिहायचं आहे.

गोष्ट न्यूयॉर्कमधली. पीटर हा नावाजलेला वकील. ही भूमिका ह्यू जॅकमनची. पहिली बायको केट हिच्याशी घटस्फोट झाला आहे, बेथबरोबर नवा संसार आहे, घरात तान्हं बाळ आहे. केटकडे राहणारा १७ वर्षांचा मुलगा निकोलस जवळजवळ महिनाभर शाळेत गेलेलाच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघतो आणि दिवसभर रस्त्याने चालत राहतो. हे उघडकीला येतं तेव्हा तो म्हणतो, मला बाबांकडे राहायचंय. तो राहायला येतो. शाळा बदलते, खोली मिळते, आणि सगळ्यांना वाटतं, गाडी रुळावर आली. ती येत नाही. अखेर मुलगा स्वतःचा जीव घेतो.

हे पाहून उठलेली माणसं काय म्हणतात? ‘बापाने भरला संसार मोडला, पोराचं दुसरं काय होणार?’ ‘आईने हात वर केले.’ ‘त्या दुसरीने त्याला आपलं मानलंच नाही.’ ‘सगळं हातात मिळतं ना, म्हणून ही थेरं सुचतात.’ आणि या सगळ्यांहून जास्त वेळा कानावर पडणारी तक्रार म्हणजे, ‘पण त्याला नेमकं झालंय काय, तेच शेवटपर्यंत कळत नाही.’

हाच प्रश्न पीटर चित्रपटभर विचारत असतो. मुलाला समोर बसवून, प्रेमाने, मग वैतागून, मग ओरडून. वकीलच तो, उलटतपासणी घेतो. मुलीने नकार दिला का? शाळेत कुणी त्रास देतं का? मुलगा तोडकंमोडकं सांगतो की जगणंच झेपत नाही. पीटरला ते उत्तर वाटत नाही. मध्येच एका प्रसंगात पीटरचा म्हातारा बाप येतो, अँथनी हॉपकिन्स. काही मिनिटांच्या त्या भेटीत तो पन्नाशीच्या मुलाला इतक्या थंडपणे झिडकारतो की अंगावर काटा येतो. पुढे निकोलसवर चढलेल्या आपल्याच आवाजात पीटरला तो म्हातारा ऐकू येतो. झेलरने लिहिलेल्या सगळ्यांत अस्सल जागांपैकी ही एक आहे, असं मला वाटतं.

कारण सांगा, असा हट्ट धरणाऱ्या बापाची शोकांतिका आपण दोन तास पाहतो आणि उठताना कारणच मागतो. याचं मला वाईट वाटतं, कारण नैराश्य हा आजार असा एका धाग्याने उलगडत नाही. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, झोपेचा बोजवारा, अपमान, ताटातूट, अशा किती गोष्टी एकमेकींत गुंततात. घटस्फोटाचा घाव मुलांना बसतो, हे खरंच आहे. निकोलसही तो बोलून दाखवतो. पण आईबाप वेगळे झालेली बहुतेक मुलं काही काळाने सावरतात, आणि एका छपराखाली सुखाने नांदणाऱ्या आईबापांची मुलंही या आजारात सापडतात. घटस्फोटावर बोट ठेवलं की बाकीच्या घरांना सुटल्यासारखं वाटतं, एवढंच.

एक प्रसंग मला फार जवळून आठवतो. बेथ पीटरच्या नाचण्याची थट्टा करते, तो टॉम जोन्सच्या एका जुन्या गाण्यावर कंबर हलवून दाखवतो. बेथ हसून लोळते, निकोलसलाही हसू फुटतं, तिघंही नाचू लागतात. बघणारा सुटकेचा श्वास सोडतो. आणि मग लक्षात येतं की मुलगा थांबलाय. ती दोघं अजून नाचताहेत आणि हा तिथेच उभा आहे, चेहऱ्यावर काही नाही. बापाच्या लक्षातही येत नाही. हसलं म्हणजे बरं झालं, हा समज किती घरांत असतो! आजारी मूल हसतं, विनोद करतं, पाहुण्यांसमोर गप्पा मारतं, आणि त्याच रात्री छताकडे बघत जागं राहतं.

दुसरा प्रसंग इस्पितळातला. निकोलसने आधी एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, तो वाचला आहे. मनोविकारतज्ज्ञ आईबापांना स्पष्ट सांगतो की त्याला आता घरी नेऊ नका, धोका आहे, तुमचं प्रेम इथे पुरे पडणार नाही. मुलगा रडतो, गयावया करतो, मी बरा आहे, मला इथून न्या. आईबाप आधी डॉक्टरचं ऐकतात आणि मग घरी घेऊन जातात. इथे प्रेक्षक चिडतात. ‘एवढं सांगूनही नेलं? शिकलेली माणसं ना ही?’ मला त्या दोघांचा राग येत नाही. पोटचं पोर हात धरून ‘मला न्या’ म्हणत असताना पाठ फिरवणं किती आईबापांना जमेल? ताप असता, हाड मोडलं असतं, तर डॉक्टरचा शब्द त्यांनी मोडला नसता. मनाच्या आजारात मात्र डॉक्टर परका वाटतो आणि आपली माया हेच औषध वाटतं. घरी आलेला मुलगा शांत असतो, चहा करून देतो, गोड बोलतो. ते दोघं हरखून जातात. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले दिवस-आठवडे सर्वांत जोखमीचे असतात आणि अशी अचानक आलेली शांतता दिलाशाची खूण मानायची नसते, हे त्यांना कळलेलंच नसतं.

समीक्षकांचा एक आक्षेप मात्र मलाही पटतो. घरात एक बंदूक आहे हे चित्रपट आपल्याला बऱ्याच आधी दाखवतो आणि मग त्या धास्तीवर आपल्याला टांगून ठेवतो. ‘द फादर’मध्ये झेलरने आपल्याला विसरत चाललेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात नेऊन बसवलं होतं, तिथली भिंत हलली की आपलीही हलायची. इथे कॅमेरा बापाला सोडत नाही. मुलगा दाराआडचाच राहतो. एकदा तरी आत जायला हवं होतं.

या जागी मला आपला ‘कासव’ आठवतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सुवर्णकमळ मिळवलेला. त्यातला तरुणही मरणाच्या वाटेवरून परतलेला, आणि त्याला आसरा देणारी जानकी स्वतः घटस्फोटित, स्वतः नैराश्यातून गेलेली. ती त्याची उलटतपासणी घेत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, कासवांच्या अंड्यांची राखण चाललेली असते तिथे, ती त्याला नुसतं राहू देते. निर्मात्यांमध्ये आणि कलाकारांमध्ये डॉ. मोहन आगाशे आहेत, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पीटरने आणि जानकीने समोरासमोर बसावं, असं फार वाटतं.

प्रेक्षकांच्या या शेऱ्यांची मला एवढी काळजी का, तर चित्रपट संपल्यावर दिवाणखान्यात जी चर्चा रंगते ती घरातलं पंधरा-सोळा वर्षांचं मूलही ऐकत असतं. मोबाइलमध्ये मान घातलेली असते, पण कान इकडे असतात. ‘थेरं आहेत नुसती’ हे वाक्य त्याच्या कानावर पडतं. स्वतःच्या दंडावरचे ओरखडे त्याने लांब बाह्यांखाली झाकलेले असतील, तर ते आता आणखी खोल जातील. ही माणसं आपल्याला काय म्हणतील, हे त्याला निकोलसच्या निमित्ताने कळून चुकलेलं असतं.

त्याऐवजी त्या दिवाणखान्यात कुणी एवढंच म्हणालं, ‘असं वाटलं तर आम्हाला सांगशील ना? आम्ही कारण विचारणार नाही’, तर? मुलाला थेट विचारायलाही घाबरू नये. जीव नकोसा वाटतो का, असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते, असं डॉक्टर सांगतात. विचारताना घरातल्या धोक्याच्या वस्तू मुलाच्या हाताला लागणार नाहीत, हेही पाहावं. आणि कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, आणि तो आईबापांनीही फिरवावा.