सनईचा सूर कुणाचा?

आमच्या सापगावात हळदीचा कार्यक्रम नऊला सुरू होणार असं सांगतात आणि तो साडेदहाला सुरू होतो. सोमवार ते शुक्रवार मी आसनगावहून लोकल पकडतो, ठाण्यात बसून कोड लिहितो. लग्नसराईत शनिवार-रविवार कीबोर्ड वाजवतो. ऑफिसातल्या एकानं मध्यंतरी सहज विचारलं, "तुम्हा कीबोर्डवाल्यांना मशीनमध्ये नक्की काय हवं असतं रे?" त्याला वाटलं, मी पियानोच्या टोनवर बोलेन.

मी म्हटलं, लाइट गेली आणि जनरेटर लागला तर मशीन पटकन चालू व्हायला हवं, आणि मी लावून ठेवलेलं सगळं जागच्या जागी हवं. गायक गाण्याच्या मध्येच वळून "काळी तीनवर घे" म्हणतो, तेव्हा एका बटणात स्केल बदलायला हवी. टोन बदलताना आधीच्या सुराची शेपटी तुटायला नको. मांडवातल्या लाल-निळ्या उजेडात स्क्रीन वाचता यायला हवा. आणि आवाज आपल्याकडचे हवेत. यामाहानं पीएसआर-आय ही मालिका खास भारतासाठी काढली ती उगाच नाही. रोलँडच्या एक्सपीएस-३० मध्ये तर पेनड्राइव्हवरून स्वतःची वेव्ह फाइल भरता येते, म्हणून आमच्याकडे शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ते मशीन घेण्यासाठी पोरं हप्ते भरतात.

हे सगळं खरं, पण मी त्याला अर्धंच सांगितलं. आम्हाला सनईवाल्याला न बोलावता सनई हवी असते. सनई, संबळ, ढोलकी, बेंजो, सगळं एका पेटीत, एका माणसाच्या बिदागीत.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या शेजारच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्या सनईवाल्या बाबांकडे गेलो. मशीनमधली सनई बेगडी वाटायची. बाबांना म्हटलं, एकेक सूर लांबवून वाजवा, मी रेकॉर्ड करतो. त्यांनी ओटीवर बसून तासभर वाजवलं. मी चहा-बिस्किटं नेली होती, पैसे नेले नव्हते. त्यांनीही मागितले नाहीत.

घरी येऊन मी तिसऱ्या-चौथ्या पट्टीचा एकेक सूर उचलला. एकच सूर सगळ्या पट्ट्यांवर ताणला तर वर जाताना तो डासासारखा होतो, खाली येताना रेड्यासारखा. मग प्रत्येक सुरातला स्थिर भाग शोधला आणि त्याचं शेवटचं टोक सुरुवातीला जोडलं. यालाच लूप म्हणतात. बोट दाबून ठेवलं की सूर संपत नाही. बाबांनी गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेत सूर न तोडता वाजवायला किती वर्षं घालवली असतील. माझं ते काम दोन रात्रींत झालं. फाइलला नाव दिलं: सनई_०२.

ती फाइल मी एका मित्राला दिली. त्यानं किन्हवलीच्या एकाला दिली. आता ती कुठेकुठे आहे, मला माहीत नाही.

हा वाद माझ्याआधीचा आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन निघालं. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी, तिच्यावर खऱ्या वादकाचा सूर, साधारण आठ सेकंदांचा. तेव्हाच तिथल्या वादकांच्या युनियनला पोटाची काळजी वाटली होती. त्या आठ सेकंदांत निदान सूर संपायचा तरी! पुढे अमेरिकेत द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डमधला ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा जगभर हजारो गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली हलाखीत वारला. त्या तुकड्याचे त्याला काही मिळाले नव्हते.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून कलाकाराचा हक्क मानला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याच्या नावाचा आणि मानधनाचा मुद्दाही आला. पण एकटा लांबवलेला पंचम हे सादरीकरण आहे का? वकील यावर भांडू शकतील. मला ते भांडण सोयीचं आहे, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. आम्ही कोड लिहिणारे दुसऱ्याची फुकटची लायब्ररी घेतो तेव्हाही तिच्यातली मूळ लेखकाच्या नावाची ओळ काढत नाही. परवान्यात ते लिहिलेलंच असतं. पैसे नको, नाव ठेवा. मी हे रोज ऑफिसात पाळतो. बाबांच्या बाबतीत पाळलं नाही, कारण ते आठवावं असं मला वाटलंच नाही.

कुणी म्हणेल, बाबांना तशीही बोलावणी कमी झाली होती, डीजे आले, तुझ्या फाइलनं काय बिघडलं. खरं असेल. पण एका घरची वाजंत्री रद्द होऊन आमचा कीबोर्ड ठरला, तेव्हा यजमान मलाच म्हणाले होते, "तुमच्यात सनई आहेच की." मी मान हलवली.

गेल्या वैशाखात बाबा एका लग्नाला पाहुणे म्हणून आले. मुहूर्ताला मी सनई_०२ लावली. जेवणाच्या पंगतीत ते माझ्याजवळ येऊन बसले. मी मनातल्या मनात माफीची तयारी केली होती.

"सूर माझा हाय ना?"

"हो बाबा."

"त्या दिवशी पत्ती ओली होती. वरचा सूर चिरकतो. कोनी ऐकलं तर म्हनल, याला वाजवता येत नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "आनि मधी दम का घेत नाय रं? मानूस वाटत नाय."

मी पैशाचं बोललो. त्यांनी हात झटकला, मग म्हणाले, तेपन बघू. आधी ते पुसून टाक. नवी पत्ती बांधतो, परत घे.

पुसणार कसं, हे मी त्यांना तिथे सांगू शकलो नाही. येत्या रविवारी जाणार आहे. या वेळी श्वासही रेकॉर्ड करायचा आहे आणि फाइलला त्यांचं नाव द्यायचं आहे. जाण्याआधी रक्कम ठरवायची आहे आणि जुनी फाइल माझ्या हातात राहिलेली नाही हे कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही.