कुलूप आणि विश्वास

"देव राखणारा आहे, मग दाराला कुलूप कशाला?" असे काही भाविक बंधू विचारतात. पण नहेम्याने यरुशलेमेच्या वेशींना कड्या व अडसर बसवले (नहे. ३). परमेश्वर नगर रक्षीत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ, असे १२७ वे स्तोत्र सांगते. पहारेकऱ्याने झोपावे असे मात्र सांगत नाही. घरात वृद्ध आईबाप असतील, कोणाची ठेव असेल, तर दार नीट लावणे हे प्रीतीचेच काम आहे.

ते काम विचाराने करावे. जुन्या घराची चौकट वाळवीने पोखरली असेल, तर भारी कुलूपही कोयंड्यासह उपटून येते. म्हणून आधी चौकट दुरुस्त करावी व लांब स्क्रू घालावेत. फळी पातळ असल्यास ती कोरून कुलूप आत बसवू नये, वरून बसणारे घ्यावे. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून खिट्टीच्या खाचेत थोडी जागा सोडावी. आणि दार आतून किल्लीवाचून उघडावे. नाहीतर आग लागली असता तेच कुलूप घरच्यांचा घात करील.

भीतीचेही असेच आहे. चोराच्या भीतीने घातलेली कडी गरजू शेजाऱ्याची थाप ऐकूनही निघत नसेल, तर आपणच आत कोंडले गेलो. प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो (प्रकटी. ३:२०), दार मोडीत नाही. ते आतूनच उघडावे लागते. रात्री कडी लावताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे : ही कोणासाठी उघडेल?