तरंगणाऱ्याची साक्ष

हायड्रोमीटर म्हणजे काचेची एक नळी. पोटात वजन, मानेत आकड्यांची पट्टी. द्रवात सोडली की ती तरंगते आणि खरं बोलते. माणसाचं उलट असतं. तो गळ्यापर्यंत बुडाल्याशिवाय खरं बोलत नाही.

विलायतेत घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो १९६३ साली रद्द झाला. लेस्टरला असलेला माझा भाचा या उद्योगात नवशिका. माल्टचा अर्क थोड्या पाण्यात उकळायचा, वरून गार पाणी ओतून बादली भरायची, मग यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, तिची दारू करतं, आणि द्रव हलका होत जातो. पुस्तकात सुरुवातीचं विशिष्ट गुरुत्व १.०४५. भाच्याच्या नळीने दाखवलं १.०६०.

"मामा, मीटर बिघडलंय," तो फोनवर म्हणाला.

पुस्तकातला आकडा आला असता, तर तेच मीटर उत्तम ठरलं असतं! देवालाही आपण याच अटीवर मानतो. म्हटलं, "अरे, साध्या पाण्यात सोडून बघ की." २० अंशांच्या पाण्यात नळीने मुकाट्याने १.००० दाखवलं. साक्षीदार निर्दोष. अर्क जड म्हणून तळाशी बसलेला, ओतलेलं पाणी वर, आणि चिरंजीवांनी नमुना घेतला तळच्या तोटीतून.

"मग वहीत १.०४५च लिहू ना? डबा तोच, पाणी तेवढंच. खरा आकडा तोच असणार."

इथे मात्र मी अडलो. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण पाहिलं ते लिहावं, की ठाऊक आहे ते? शेवटी म्हटलं, "दोन्ही लिही. 'दिसला १.०६०, ढवळलं नव्हतं' असं." त्याला हा मामाचा मास्तरी चावटपणा वाटला असावा.

पंधरा दिवसांनी आकडा १.०२०वर अडला. पुस्तक म्हणतं १.०११. नळीला चिकटलेले बुडबुडे आकडा चढवतात म्हणून त्याने ती फिरवून पाहिली, तरी तेच. शनिवारी पाहुणे यायचे होते. भाच्याने पुन्हा तोच मुद्दा काढला: खरा आकडा १.०११च असणार, बाटल्या भरतो.

आता पाहा, वाक्य तेच, पण पहिल्या वेळी ते गणित होतं, या वेळी नुसती इच्छा. यीस्टने काही ते पुस्तक वाचलेलं नसतं. उरलेली साखर ते बंद बाटलीतही खात बसतं, वायू कोंडतो आणि काच फुटते. पाहुण्यांत दोन लहान मुलं होती.

आपल्या गवळ्यांना हे शास्त्र कधीच कळलंय. साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही बेताने केलं की लॅक्टोमीटर खूश! पण गवळी निदान स्वतःला फसवत नाही.

भाच्याने बादली जरा उबेला ठेवली. बुधवारी आकडा १.०१६, शुक्रवारी १.०१३. यीस्ट अजून कामावर होतं. शनिवारी पाहुण्यांना चहा मिळाला.