जात, नमुना आणि डिंक

फोटोतल्या माणसाला परवानगी विचारता येत नाही. मग त्याच्यावर कविता करावी की करू नये?

दोस्तहो, आपल्यातले बहुतेकजण पटकन म्हणतील, यात विचारायचं काय? तो आपलाच बाप, ती आपलीच आजी. त्यांची तोंडं शिवली होती, आम्ही उसवणार. ऐकायला झकास आहे. टाळ्याही पडतात. मला मात्र हे इतकं सरळ दिसत नाही. का ते सांगतो.

जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक डॉक्टर होता. आधी मुंबई इलाख्याच्या लष्करात नोकरीला, मग लंडनला इंडिया ऑफिसात. हिंदुस्थानात काय काय माल पिकतो, बनतो, त्याची नोंद ठेवायची हा त्याचा हुद्दा. १८६६ साली त्यानं आपल्याकडच्या कापडाचे सातशे तुकडे कापून अठरा जाडजूड पुस्तकांत चिकटवले. कशासाठी? तर इंग्रज गिरणीवाल्याला घरबसल्या कळावं की इथला माणूस कसलं धोतर नेसतो, बायांना कसला काठ लागतो, पागोट्याचा पोत कसा असतो. म्हणजे तोच माल तिकडं काढून इकडं खपवता येईल. १८६८ साली त्यानं इकडच्या उपयोगी झाडाझुडपांच्या देशी आणि शास्त्रीय नावांची यादी छापली. त्याच साली केय नावाच्या दुसऱ्या साहेबाबरोबर ‘द पीपल ऑफ इंडिया’चे खंड काढायला सुरुवात केली. १८७५ पर्यंत आठ खंड निघाले. त्यात चारशेच्या वर फोटो, माणसांचे. फोटोबरोबर मजकूर: ही अमुक जात, हा तमुक धंदा, स्वभावानं असे, इंग्रजांशी इमानी किंवा बेइमानी. सत्तावनचं बंड होऊन अजून वीस वर्षंही झाली नव्हती, हे ध्यानात धरा.

कापड, झाडपाला, माणसं. टेबल एकच, डिंक तोच.

मी मागावर उभा राहणारा माणूस, म्हणून माझं पहिलं भांडण त्या सातशे तुकड्यांशी. कापडाची लांबी आहे, रुंदी आहे, वजन आहे, गावाचं नाव आहे. विणणारा नाही. त्याच्या डोळ्यांचं काय झालं, ताण्याला बसून त्याचं कंबरडं किती वर्षांत मोडलं, काही नाही. आजही ठाणावर छाप पडतो तो मालकाचाच, म्हणा.

आता झाडांकडं येऊ. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लाटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं. वाळवलेल्या फांद्या, पानं, फुलं जाड कागदावर लावून ठेवलेली. कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. जगभर हीच रीत. एखाद्या झाडाचं पहिल्यांदा बारसं होतं तेव्हा त्यातली एक फांदी नमुना म्हणून ठरते. पुढं कुणाला शंका आली तर तिच्याशी ताडून बघायचं. एक फांदी सगळ्या जातीच्या वतीनं उभी. हो, जातीच्या. आपल्या मराठीत झाडाचीही जातच आणि माणसाचीही जातच.

झाडाला ते चालतं. टाकळ्याचं एक रोप बघितलं की दुसरं ओळखता येतं, त्यात टाकळ्याचा अपमान नाही. वॉटसन-केय मंडळींनी हाच हिशोब माणसाला लावला. एकाला कॅमेऱ्यापुढं उभा केला आणि म्हणाले, ही बघा जात. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बजावून सांगितलं की जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक फाळणी आहे. माणूस हा जातीचा नमुना नसतो. आपली सगळी चळवळ या एका वाक्यावर उभी आहे.

आणि आपण काय करतो? तोच फोटो उचलतो, साहेबाचा मजकूर पुसतो आणि त्याजागी लिहितो: ही माझ्या जातीची वेदना. ती बाई पुन्हा नमुनाच झाली ना! आधी साहेबाच्या कामाची होती, आता माझ्या कामाची. कदाचित ती त्या दिवशी खुशीत असेल. कदाचित कजाग असेल, सासूला छळत असेल. तिला वेदनेशिवाय काही ठेवायचंच नाही, ही कसली आपुलकी? ती माझी आजी कशावरून, तर साहेबानं तिच्या नावाजागी जात लिहिली त्यावरून. म्हणजे नातं जोडायलासुद्धा मी त्याचाच शिक्का वापरला.

यावर एक मित्र तावातावानं म्हणाला, असलं सोवळं पाळत बसलास तर फोटो पांढरपेशे उचलतील, चौकटी करून दालनात टांगतील, दारू पीत बघतील. खरंय त्याचं. २००६ साली खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली, तेव्हा त्या मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. ते बघून लोक पेटले. तिथं फोटो हा पुरावा होता, तो दाखवायलाच हवा होता. पण पुरावा म्हणून पुढं ठेवणं वेगळं आणि कवितेच्या अंकाचं मुखपृष्ठ भडक व्हावं म्हणून तोच छापणं वेगळं. पहिल्यात मेलेल्यासाठी काहीतरी मागितलं जातं. दुसऱ्यात मेलेल्याकडूनच घेतलं जातं.

झाडांच्या बाबतीत मात्र मी मोकळा सुटतो. हर्बेरियमच्या कागदावर टाकळा लावला तर शेंग असेल, मूळ असेल, तारीख असेल. पहिल्या पावसानंतर तो खुडून, शिजवून, घरात धान्य नसताना पोरांची पोटं कुणी भरली ते त्या चिठ्ठीत मावणार नाही. कुर्डू, घोळ, तसंच. ते आपल्या बायांना ठाऊक. तिथं खुशाल लिहा, कल्पनेला लगाम नको. टाकळ्याच्या तोंडी शिव्या घाला, तो रागावणार नाही.

आणि नाव लिहिलं जाऊ शकत होतं, हेही ध्यानात घ्या. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडनं मलबारच्या वनस्पतींचे ‘हॉर्टस मलबारिकस’ हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापून घेतले. त्यातली किती औषधं इट्टी अच्युतन या वैद्यानं सांगितली. जातीनं एळवा, म्हणजे तिकडच्या सवर्णांना विटाळ होणारा. पण पहिल्या खंडात त्याचं निवेदन त्याच्याच लिपीत छापलंय, १६७५ सालचं. त्याच खंडात तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचंही आहे, नागरीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला सुचलं, की ज्यानं सांगितलं त्याची सही घ्यावी. मग वॉटसनला सुचू नये? त्या सहीमुळं आज मला अच्युतनच्या तोंडी काही घालावं लागत नाही. झाडावर चढून फांद्या आणणाऱ्यांची सही मात्र तिथंही नाही.

हे जुने खंड आता मोबाईलवरही उघडतात. रातपाळी सुटल्यावर मी बघत बसतो. एका फोटोत एक बाई बसलीय. लुगडं जाडंभरडं, गुडघ्यावर ताणलंय तिथं सुताचा पीळ एकसारखा नाही, हातानं कातलेलं असावं. काठ अरुंद. एवढं मला खात्रीनं कळतं, कारण तो माझा धंदा आहे. तिला काय वाटत होतं ते मला कळत नाही. मी कविता लिहिली ती त्या सुतावर लिहिली. खाली माझं नाव घातलं, वर तिच्या नावाची ओळ कोरी सोडली. संपादक म्हणाला, छापताना राहून गेलं असं वाटेल लोकांना.

वाटू दे.