शाळेबाहेरचं मूल आपलंच

कोल्हापूर,
26 जून

चि. बाळ,


आज शाहू जयंती. तुझ्या शाळेतल्या भाषणाची तयारी झाली असेलच. पुढच्या वेळी कोल्हापुरात आलीस की आपण दसरा चौकात जाऊ. शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या आसपासच मुस्लिम बोर्डिंग आहे, जैन बोर्डिंग आहे. ती बघून तू नक्की विचारशील, की जातिभेद मोडायला निघालेल्या राजानं समाजवार वसतिगृहं का काढली?

महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं होतं. तिथं बहुजनांच्या पोरांना थारा मिळेना. खेड्यातल्या पोराला शहरात ना राहायला खोली, ना जेवायला ताट; मग त्यानं शिकायचं कसं? म्हणून महाराजांनी एकेका समाजाला हाताशी धरलं. 1901 मध्ये मराठा आणि जैन, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. पुढं 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं इतरांच्या वर्गात बसवण्याचा हुकूम निघाला. आधी प्रत्येकाची राहण्याजेवणाची सोय आणि मग सगळ्यांना एक वर्ग, असा तो क्रम होता.

याच कोल्हापुरात कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला होते, जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं गेलं, त्यांनी ती केली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं; पुढं त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं सगळ्या जातींची मुलं मिळून स्वयंपाक करत, एका पंक्तीला जेवत. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही विकलं. परक्याचं पोर त्यांना परकं वाटलंच नाही.

आता तुझ्या गावाकडे बघ. कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. फडाजवळ, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप अंधारातच तोडीला जातात आणि आठ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. ती ‘त्यांची’ पोरं, असं म्हणून आपण पुढं जातो. जातिभेद असाही जगतो, बाळ.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. जन्मदाखला नाही किंवा वर्ष निम्मं सरलं, म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही. हे तू तुझ्या गुरुजींना सांग, सरपंचांना सांग. धाकट्या भावंडांसाठी अंगणवाडीताईंना विचार. ती मुलगी वर्गात आली की तिला शेवटच्या ओळीत एकटी बसू देऊ नकोस. तिच्याशेजारी बस, डबा एकत्र खा. कुणी तिला ‘ऊसतोड्याची’ म्हणून हाक मारली तर तिथंच अडव.

भाषण मनापासून कर. आणि दिवाळीनंतर कोप्या पडल्या की आईला बरोबर घेऊन तिकडं जा. त्यातली किती मुलं शाळेत आली, त्यांची नावं काय, ते मला पत्रानं कळव. कुणाच्या वह्यापुस्तकांची अडचण असली तर तेही लिही. मी ती घेऊन येतो.

तुझे,
आजोबा