सूर्य जळत नाही

आमच्या होस्टेलच्या खोलीत एक पोस्टर होतं. सूर्यासारखं तळपायचं असेल तर आधी त्याच्यासारखं जळायला हवं, अशा अर्थाचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं ते बघत काढली. मागच्या वर्षी टीम लीड झालो आणि एका रिलीजच्या आधी तेच टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलाला ऐकवलं. तो तीन आठवडे रात्री दोन-दोनपर्यंत बसला. रिलीज वेळेवर गेलं. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी म्हणाला, "दादा, आता झोपच लागत नाही."

नंतर एकदा, मनातली टोचणी कमी व्हावी म्हणून म्हणा, सूर्य नेमका जळतो कसा हे वाचायला बसलो.

तर तो जळतच नाही. जळायला ऑक्सिजन लागतो. सूर्य म्हणजे कोळशाचा गोळा असता, तर काही हजार वर्षांत राख झाला असता. त्याचं वय आहे सुमारे 460 कोटी वर्षं. त्याच्या केंद्रात, साधारण दीड कोटी अंश तापमानाला, हायड्रोजनच्या केंद्रकांचं संमीलन होऊन हेलियम तयार होतो. वस्तुमान किंचित कमी भरतं, त्याचीच ऊर्जा होते. पण हे इतकं क्वचित घडतं की एकेका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट बघावी लागते. किलोमागे हिशेब केला तर सूर्य देतो 0.0002 वॅट. नुसता बसलेला माणूस वॅटभराहून जास्त देतो. म्हणजे तो मुलगा खुर्चीत डुलक्या घेत होता, तेव्हाही वजनाच्या मानाने सूर्याच्या हजारो पट उष्णता देत होता.

सूर्याचा एवढा उजेड पडतो, कारण तो प्रचंड आहे. आणि तो टिकतो, कारण केंद्र जास्त तापलं की फुगतं, फुगलं की निवतं आणि संमीलनाचा वेग उतरतो. फुगायला जागा आहे, म्हणून हे जमतं. आमच्या वेळापत्रकात ती जागा मीच ठेवली नव्हती.

इथे थांबलो असतो तर छान बोधकथा झाली असती. पण सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचे तारेही असतात. ते इंधन अक्षरशः उधळतात, जेमतेम एक कोटी वर्षं जगतात आणि स्फोट होऊन संपतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः अशाच ताऱ्यांमध्ये घडला. म्हणजे पोस्टरवाल्यालाही आकाशात पुरावा सापडेलच.

मग ताऱ्यांकडून काय शिकायचं? मला वाटतं, या बाबतीत काहीच नाही. किती वेगाने संपायचं हे ताऱ्याचं वस्तुमान ठरवतं, त्याला कुणी विचारत नाही. माणसाला विचारता येतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो 'हो' म्हणाला असता, हेही मला माहीत आहे. त्याचं अप्रेझल माझ्या हातात होतं. अशा 'हो'ला संमती म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे. स्वतःला झोकून द्यायचा हक्क ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याला झोकायचा मला नाही, सूर्याचा दाखला देऊनसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात त्याला सॉरीचा मेसेज केला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. त्याने ते द्यायलाच हवं, असंही नाही.